सांभाळणुकीचा जमाखर्च (लेखांक अकरावा) : साठ, तीस आणि दहा

सोलापूर जिल्ह्यातील एका वाचक भगिनींचे सविस्तर पत्र गेल्या आठवड्यात आले, आणि ते वाचल्यावर ऑस्ट्रेलियातील अनुदानाचे जे प्रकरण या लेखांकात घेण्याचे मी कबूल केले होते, ते पुढे ढकलण्यावाचून मला गत्यंतर उरले नाही. पूर्वीच्या लेखांकातली, क्विबेकमधील रोज पाच डॉलरांच्या पाळणाघरांची हकीकत वाचून त्या लिहितात की, सरकारने हात सैल केला किंवा आखडता घेतला म्हणजे परदेशातील कुटुंबांचे काय होते हे कळले ते चांगलेच झाले. परंतु ज्या पाळणाघरात आपण दहा-बारा वर्षे सेविका म्हणून राबलो ते २०१८ साली बंद पडले, आणि त्याच्या आदल्याच वर्षी सेविकेचे मानधन तिप्पट झाल्याचे जाहीर झाले होते. तेव्हा अनुदान वाढूनही पाळणाघर बंद का पडावे, आणि त्यातली पंचवीस मुले गेली कुठे, एवढ्या दोन प्रश्नांची उत्तरे आपण द्यावीत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर फायलींत सापडते. दुसऱ्याचे सापडत नाही, आणि म्हणूनच त्याच्यावर अधिक वेळ खर्च करण्याचा माझा विचार आहे.

नोकरी-मजुरी करणाऱ्या व आजारी मातांच्या मुलांसाठी पाळणाघरे चालविण्यास साहाय्य देण्याची केंद्र सरकारची योजना १९७५ सालची. तिच्या आदल्या वर्षी राष्ट्रीय बालधोरण संमत झाले होते, आणि ही योजना त्या धोरणाच्या पहिल्या अपत्यांपैकी एक होती. ती राबविण्याचे काम मुख्यत्वेकरून ज्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाकडे सोपविण्यात आले, ते मंडळ १९५३ साली दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेले. तत्कालीन अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांच्या त्या पत्नी, एवढीच त्यांची ओळख महाराष्ट्रात पुष्कळांना असते. वस्तुतः गावोगावची महिला मंडळे आणि लहानलहान सेवाभावी संस्था यांच्या हाती सरकारी पैसा थेट पोचविण्याची जी पद्धत त्यांच्या मंडळाने घालून दिली, ती स्वातंत्र्योत्तर काळातील प्रशासनाच्या इतिहासात स्वतंत्र अभ्यासाचा विषय व्हावी इतक्या मोलाची आहे. त्या पद्धतीत दिल्ली आणि गावातील संस्था यांच्यामध्ये मंडळाखेरीज दुसरे दफ्तर नव्हते. पैसे उशिरा येत, तपासणीस यायचा तो वर्षाकाठी एकदा येई, हिशेबाच्या वह्यांवरून वाद होत. पण संस्थेला तगादा कोणाकडे लावायचा हे ठाऊक असे, आणि पैशाचा मार्ग एकच असल्यामुळे तो अडला तर कोठे अडला हे शोधून काढता येत असे.

२००६ सालच्या १ जानेवारीपासून ही जुनी योजना आणि १९९४ साली निर्माण केलेला राष्ट्रीय पाळणाघर निधी यांचे एकत्रीकरण होऊन राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना अस्तित्वात आली. पंचवीस मुलांच्या एका पाळणाघरासाठी महिन्याला ३,५३२ रुपये सरकारी साहाय्य ठरलेले. खर्चाचे नव्वद टक्के सरकारचे, दहा टक्के संस्थेने उभे करायचे. दोन कार्यकर्त्यांना मिळून दोन हजार रुपये मानधन, आणि पूरक आहारासाठी प्रत्येक मुलामागे दिवसाला २ रुपये ८ पैसे. हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहण्याजोगा आहे. ३,५३२ रुपयांना पंचवीस मुलांनी आणि महिन्याच्या सव्वीस दिवसांनी भागले, म्हणजे एका मुलाच्या एका दिवसाच्या सांभाळणुकीसाठी सरकारचे साडेपाच रुपयेसुद्धा पडत नाहीत. आणि हजार रुपये मानधन घेणाऱ्या सेविकेची दिवसाची मजुरी साडेअडतीस रुपयांच्या आत राहते. २०११ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावरील मजुरी १२७ रुपये झाली, तेव्हा खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी पैशांत तिचे मूल सांभाळणारी बाई काम करीत होती. ही गोष्ट मी अनेकांना सांगितली आहे आणि यापुढेही सांगत राहणार आहे, कारण आपल्या राज्यकारभारात मूल सांभाळण्याच्या कामाची किंमत काय धरली गेली याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मला दुसरा सापडलेला नाही.

एवढ्या तुटपुंज्या रकमेवरही देशात तेवीस हजारांहून अधिक पाळणाघरे चालत होती. ती कशी चालत, याचे उत्तर पत्रलेखिका भगिनींनीच दिले आहे: गावातील एखाद्याने वापरात नसलेली पडवी द्यावी, सुगीत कोणी ज्वारीचे पोते आणून टाकावे, आणि आयांनी महिन्याचे वीस रुपये जमतील तसे द्यावेत. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाकडून मुलामागे वीस आणि इतरांकडून साठ रुपये घ्यावेत असा नियम होता. पंचवीसही मुले दारिद्र्यरेषेखालील धरली तरी महिन्याला पाचशे रुपये होतात, आणि संस्थेचा दहा टक्क्यांचा वाटा त्याच्या आत बसत होता. म्हणजे संस्थेच्या वाट्याचे ओझे फी नियमित आली तर पेलण्यासारखे होते.

आता २०१७ सालचा फेरबदल पाहू. त्या वर्षीच्या १ जानेवारीपासून योजनेचे नाव राष्ट्रीय पाळणाघर योजना झाले, सेविकेचे मानधन तीन हजारांवर आणि मदतनिसाचे दीड हजारांवर गेले, पाळणाघर महिन्यातून सव्वीस दिवस आणि दिवसातून साडेसात तास उघडे राहावे असे ठरले. यातली प्रत्येक गोष्ट चांगली, आणि तिच्यासाठी वर्षानुवर्षे मागण्या करणाऱ्या कार्यकर्त्यांनी तिचे स्वागतही केले. परंतु त्याच निर्णयाने मंडळाकडून योजना काढून ती राज्य सरकारांकडे सोपविली, आणि खर्चाची वाटणी साठ, तीस व दहा अशी केली: केंद्राचे साठ, राज्याचे तीस, संस्थेचे दहा. ईशान्येकडील व हिमालयातील राज्यांसाठी ही वाटणी ऐंशी, दहा आणि दहा अशी होती. वाचकांनी येथे एक गोष्ट बारकाईने लक्षात घ्यावी, ती ही की संस्थेचे दहा पूर्वी जेवढे होते तेवढेच राहिले. बदलले ते तिच्या डोक्यावरचे नव्वद. त्यांचे साठ आणि तीस असे दोन तुकडे झाले, आणि माझ्या मते सोलापूरकडील ते पाळणाघर, आणि त्याच्यासारखी हजारो पाळणाघरे, त्या दोन तुकड्यांमधल्या फटीत पडली.

याचे कारण असे की, जेथे केंद्राच्या पैशात राज्याने आपला पैसा मिळवायचा असतो तेथे दोन्ही हिस्से एकत्र आल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. राज्याने प्रथम आपल्या अर्थसंकल्पात त्यासाठी लेखाशीर्ष उघडायचे, तीस टक्क्यांची तरतूद करायची, वित्त विभागाची संमती मिळवायची. मग केंद्राचा हप्ता खजिन्यात जमा होणार, तो आयुक्तालयातून जिल्ह्याकडे आणि जिल्ह्यातून संस्थेकडे जाणार. आणि मागच्या हप्त्याचा उपयोगिता दाखला दिल्लीस रुजू झाल्याखेरीज पुढचा हप्ता सुटणार नाही. हे टप्पे एकेकटे पाहिले तर प्रत्येकाचे समर्थन करता येते, कारण सार्वजनिक पैशाचा हिशेब मागितलाच पाहिजे. तथापि ज्या संस्थेची सारी शिल्लक म्हणजे दोन महिन्यांचा शिधा, तिला दहा महिन्यांची थकबाकी सोसवत नाही. रस्त्याचा ठेकेदार देयक थकले तर कर्ज काढून तगतो. पाळणाघराची सेविका कर्ज काढून पंचवीस मुलांना खिचडी घालू शकत नाही, आणि मूल तर सकाळी दारात उभे असते.

त्यातच दिल्लीची तरतूदही आटत गेली. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात या योजनेला १२८ कोटी रुपये दाखविले होते; वर्षअखेरीच्या सुधारित अंदाजात ते ३० कोटींवर आले. खर्च झाला नाही म्हणून तरतूद कमी केली असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते, आणि हिशेबाच्या दृष्टीने ते खरेही असते. पण पैसा राज्यांच्या दफ्तरांतून वेळेवर सरकला नाही म्हणून तो खर्च झाला नाही, तो खर्च झाला नाही म्हणून पुढील वर्षी कमी मिळाला, आणि कमी मिळाला म्हणून आणखी पाळणाघरे बंद झाली, हे चक्र एकदा फिरू लागले म्हणजे त्याला कोणाही एका अधिकाऱ्याच्या दुष्ट हेतूची गरज लागत नाही. तेवीस हजारांची अठरा हजार आणि अठरा हजारांची २०२० च्या आरंभी साडेसहा हजारांच्या आत अशी पाळणाघरांची संख्या घसरत गेली. म्हणजे दर पाळणाघरामागचे अनुदान वाढले आणि पाळणाघरे उरली नाहीत. आपल्या भगिनींच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे आहे, आणि अनुदानातील फेरबदल नुसत्या आकड्यावरून जोखू नये, पैसा कोणत्या वाटेने आणि किती दिवसांनी येतो त्यावरून जोखावा, असे जे मी या लेखमालेच्या पहिल्या लेखांकापासून म्हणत आलो आहे, त्याचे याहून बोलके उदाहरण क्विबेकमध्येही मिळायचे नाही.

फीच्या बाबतीतही एक बदल झाला, आणि त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. नव्या योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाची फी वीस रुपयेच राहिली. आईबापांची मिळून प्राप्ती बारा हजारांपर्यंत असेल तर शंभर, आणि त्यापुढे दोनशे. बारा हजारांची ही मर्यादा २००६ सालची. त्या वर्षी ती अठराशेंवरून एकदम बारा हजारांवर नेली होती आणि ती उदार होती. पण अकरा वर्षांनंतर नवी योजना आली तेव्हाही आकडा तोच राहिला. मधल्या काळात धान्य, तेल, भाडे आणि मजुरी ही सगळी वाढली, त्यामुळे जे कुटुंब २००६ साली मर्यादेच्या पुष्कळ खाली होते ते तसूभरही सधन न होता तिच्यापाशी येऊन ठेपले. कायद्याच्या पुस्तकात एक अक्षरही न बदलता अनुदान कमी होण्याचा हा मार्ग आहे, आणि जगभर तो सारखाच आढळतो. ज्या आकड्याला किमतींच्या वाढीची जोड नाही तो आकडा स्वस्थ बसून राहिला तरी त्याचे मूल्य झिजत असते. केशरी शिधापत्रिका असलेल्या, दोन मुले पाळणाघरात ठेवणाऱ्या बाईला महिन्याला एकशेवीसऐवजी दोनशे रुपये मोजावे लागले तर ती काय करते? माझा अनुभव असा की, ती धाकट्याला ठेवते आणि थोरल्याला काढते. आणि तो थोरला जर मुलगी असेल, तर काही दिवसांनी ती धाकट्यालाही काढते.

येथून दुसरा प्रश्न सुरू होतो.

पाळणाघर बंद पडले म्हणजे मुलांचे तीनपैकी एक होते: आई मजुरी सोडून घरी बसते, आजी सांभाळते, किंवा थोरली बहीण सांभाळते. पहिल्या पर्यायाविषयी अर्थशास्त्रज्ञांनी पुष्कळ लिहिले आहे. रिओ दि जानेरो शहरात २००७ साली सरकारी पाळणाघरांतील जागा कमी आणि अर्ज फार, म्हणून चिठ्ठ्या टाकून प्रवेश देण्यात आले. ज्यांची चिठ्ठी निघाली आणि ज्यांची निघाली नाही अशा दोन्ही प्रकारच्या गरीब आयांची पुढे तुलना केली, तेव्हा कामावर असणाऱ्या आयांचे प्रमाण शेकडा ३६ वरून ४६ पर्यंत गेलेले आढळले. हा पुरावा निर्विवाद महत्त्वाचा आहे. परंतु आपल्या इकडच्या भूमिहीन कुटुंबात आईने घरी बसणे हा पर्याय फार थोड्या दिवसांचा असतो. सावकाराचा हप्ता आणि दुकानदाराची उधारी तिला बसू देत नाही. आजीविषयी बोलायचे तर ज्या घरांना पाळणाघराची सर्वांत जास्त गरज, त्या घरातली आजी स्वतःच खुरपणीला जात असते. म्हणून पैसा सरकारने द्यायचा थांबविला तरी मूल सांभाळण्याचे काम थांबत नाही, आणि जो कोणी नाही म्हणू शकत नाही त्याच्या अंगावर ते येऊन पडते; आणि तसा घरात एकच प्राणी असतो, तो म्हणजे आठ ते बारा वर्षांची मुलगी.

ही गोष्ट महाराष्ट्राला कोणी परदेशातून येऊन सांगावी लागत नाही. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम तेथे सुरू झाले, ही कथा सर्वश्रुत आहे. मध्यवर्ती बालवाडीत पाड्यावरची मुले येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्याची कल्पना निघाली, आणि त्या कल्पनेचे ‘अंगणवाडी’ हे नाव पुढे १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेने देशभर नेले, हेही पुष्कळांना माहीत असते. परंतु कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी जो विकासवाडीचा प्रयोग केला, त्याचा उल्लेख मात्र पाळणाघरांच्या चर्चेत मला क्वचितच आढळला. वारल्यांच्या मुली शाळेत येत नाहीत, आणि आल्याच तर काखेला धाकटे भावंड घेऊन येतात, हे पाहून त्या दोघींनी मुलींना दोष दिला नाही, आईबापांना उपदेश केला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात, एकमेकांना लागून उभी केली. मुलीने भावंडाला पाळणाघरात ठेवायचे आणि आपण शेजारच्या वर्गात जाऊन बसायचे, एवढीच ती योजना. शिक्षणावरील खर्च आणि शिशुसंगोपनावरील खर्च ही दोन निराळी खाती नसून एकाच खात्याची दोन पाने आहेत, हे त्या टेकडीवर ज्या स्पष्टपणे कळले होते ते आपल्या मंत्रालयांना अद्याप कळलेले नाही. एक खाते शाळेतील पटसंख्या मोजते, दुसरे खाते पाळणाघरातील मुले मोजते, आणि पाळणाघर बंद पडल्यामुळे शाळेतून गळालेली मुलगी दोघांच्याही तक्त्यात येत नाही.

तिच्या गळतीचे कारण शाळेच्या दप्तरी काय लिहिले जाते तेही सांगतो, कारण असे तक्ते मी बरेच वाचले आहेत. ‘पालकांचे स्थलांतर’, ‘घरकाम’, ‘शिक्षणात रस नाही’ अशा शब्दांत ती नोंद होते. पाळणाघर नाही म्हणून, अशी नोंद मी अजून वाचलेली नाही.

या ठिकाणी ऊसतोडीचा विषय काढल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. पत्र सोलापूरकडचे असल्यामुळे भगिनींनाही ते अस्थानी वाटणार नाही. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोची जोडी मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्याच्या प्रदेशात जाते. त्या जोडीस एक कोयता म्हणतात, आणि खाडा झाला तर दंड भरावा लागतो. उजाडण्यापूर्वी फडात जायचे, तोडायचे, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. अशा स्थितीत अंगावरचे मूल कोपीत ठेवले तर त्याच्यापाशी कोणीतरी हवे. शासनाने या मुलांसाठी प्रयत्न केले नाहीत असे नाही. साखरशाळा झाल्या, आणि आईबाप गेल्यावर मुलांना गावातच राहून आपल्या शाळेत शिकता यावे म्हणून हंगामी वसतिगृहे निघाली. वसतिगृहाची कल्पना मला पटते. परंतु ते शाळकरी मुलांसाठी आहे. दीड वर्षाचे मूल तेथे राहू शकत नाही, ते आईबरोबर जाणार, आणि ते जाणार म्हणून त्याला सांभाळायला दहा वर्षांची मुलगीही जाणार. कोप्यांच्या तळावर हिंडताना मी मुली पाहिल्या, तशी त्यांच्या भावांचीही चौकशी केली. भाऊ पुष्कळदा गावी वसतिगृहात होता. दोघांनाही जागा होती, जेवणाची सोय दोघांचीही झाली असती, आणि तरी मुलगी फडाच्या कडेला बसलेली होती, ती केवळ तिच्या मांडीवरील मुलासाठी सरकारने कोणत्याच ठिकाणी पैसा ठेवलेला नव्हता म्हणून. पाळणाघराला मंजूर झालेले अनुदान एका गावाला, एका जागेला मंजूर होते. मूल हंगामात दोनशे मैल दूर असते.

शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणगावात याच अडचणीवर आयांनी काय उपाय काढला होता, तो वाचताना अजूनही मन विषण्ण होते. १९२० नंतर लगेच मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरची नेमणूक करून गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी करविली, तेव्हा बहुतेक साऱ्या तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देऊन निजविले जाते असे आढळले. आया निर्दय होत्या असे त्या अहवालाने म्हटले नाही, आणि आपणही म्हणू नये. त्या पाहणीच्या मागोमाग मुंबई प्रांतात १९२९ साली प्रसूतिसाहाय्याचा कायदा झाला, १९३४ च्या कारखाने कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत मुलांसाठी खोली ठेवण्याचे नियम करण्याचा अधिकार प्रांतांना दिला, १९४८ च्या कायद्याने पाळणाघर बंधनकारक केले, आणि १९७६ साली पन्नासांची मर्यादा तिसांवर आणली. पण या साऱ्या कायद्यांत एक दोष राहून गेला होता: कामावरील स्त्रिया मोजून बंधन लादल्यामुळे प्रत्येक स्त्री मालकाच्या दृष्टीने वाढीव खर्चाचे कारण ठरत होती. २०१७ साली प्रसूतिलाभ कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने स्त्री-पुरुष मिळून पन्नास कर्मचारी असतील तेथे पाळणाघर असावे आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाता यावे असे ठरविले. त्या एका मोजणीच्या बदलाबद्दल मला त्या दुरुस्तीविषयी फार आदर वाटतो. मात्र ती दुरुस्ती आणि साठ-तीस-दहाची वाटणी एकाच वर्षी आली. कचेरीत काम करणाऱ्या आईला त्या वर्षी हक्क मिळाला आणि शेतात काम करणाऱ्या आईचे पाळणाघर त्याच वर्षी डळमळू लागले, हा योगायोग एखाद्या इतिहासकाराने केव्हातरी तपासावा.

२०२२ च्या एप्रिलपासून हीच योजना ‘पाळणा’ या नावाने मिशन शक्तीचा भाग झाली आहे. सर्वसाधारण राज्यांसाठी वाटणी आता साठ आणि चाळीस. संस्थेचे दहा टक्के गेले, आणि नवी पाळणाघरे मुख्यतः अंगणवाडीला जोडून काढायची असे ठरले असून तशी सतरा हजार अंगणवाडी-पाळणाघरे उघडण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. या रचनेतील एक गोष्ट मला मनापासून आवडते: इमारत, आहार आणि लसीकरणाची नोंद ही तिन्ही तेथे आधीच असतात, त्यामुळे पडवी मागत फिरण्याची पाळी येत नाही. जे आवडत नाही तेही सांगतो. चाळीस वर्षे मुले सांभाळलेल्या संस्थांचे अनुभव, आणि आपल्या पत्रलेखिकांसारख्या सेविकांचे हात, यांना नव्या योजनेत निश्चित जागा ठेवायला हवी होती. आणि सरकारचा हिस्सा आजही दोन खजिन्यांतूनच एकत्र यावयाचा असल्यामुळे ती जुनी फट बुजलेली नाही.

तथापि सर्वांत मोठा प्रश्न तासांचा आहे. अंगणवाडी भरते ती सकाळच्या काही तासांपुरती, आणि तीन वर्षांखालील मुलाचा तिच्याशी मुख्य संबंध घरी नेण्याच्या शिध्यापुरता. शेतमजूर बाई मात्र सकाळी आठला निघते ती संध्याकाळी परतते. बारा वाजता मूल परत ताब्यात घ्यावे लागणार असेल, तर ते घेण्यासाठी मोठ्या मुलीला घरी थांबावेच लागणार, आणि मग सकाळच्या चार तासांवर झालेला सारा खर्च आईच्या मजुरीच्या दृष्टीने आणि मुलीच्या शाळेच्याही दृष्टीने वाया जाणार. अर्धा दिवस चालणाऱ्या पाळणाघराने अर्धी सोय होते असे समजणे हा हिशेबाचा भ्रम आहे. काम पूर्ण दिवसाचे असते तेथे अर्ध्या दिवसाची सोय जवळजवळ शून्याइतकी असते. म्हणून आपल्या गावच्या अंगणवाडीला पाळणाघर जोडले जाईल तेव्हा ते किती वाजता उघडते आणि किती वाजता मिटते हे प्रथम पाहावे, आणि रंगविलेल्या भिंतींकडे मग लक्ष द्यावे.

पत्राच्या शेवटी भगिनींनी विचारले आहे की, आता आपण काय करू शकतो. संस्थेच्या जुन्या थकबाकीविषयी त्यांना मी स्वतंत्र पत्राने लिहीन. गावाच्या बाबतीत माझी सूचना एवढीच की, ग्रामसभेचा ठराव करून अंगणवाडीला जोडून पूर्ण वेळचे पाळणाघर मागावे, तो बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या दफ्तरी रुजू करून पोच घ्यावी, आणि ठरावाला एक यादी जोडावी. यादीत सहा वर्षांखालील प्रत्येक मुलाचे नाव असावे, आईच्या कामावर जाण्याच्या व परतण्याच्या वेळा असाव्यात, कुटुंब तोडीला जात असेल तर कोणत्या महिन्यात जाते ते असावे, आणि शेवटचा रकाना असा असावा की, आज हे मूल कोण सांभाळते, त्या व्यक्तीचे वय किती, आणि ती शाळेच्या पटावर असेल तर कोणत्या इयत्तेत. जन्मनोंदीची वही आणि शाळेचा हजेरीपट शेजारी ठेवून बसले तर अशी यादी दोन दिवसांत तयार होते. सुरुवात शाळेपासून करावी, कारण ज्या मुलींच्या नावापुढे सलग गैरहजेरी पडलेली असेल त्यांच्या घरी जाऊन विचारले म्हणजे पाळणाघरातली पुष्कळशी मुले तेथेच सापडतील.